मी येईपर्यंत सही करू नका

आमच्या घराण्यात आजवर एकही मोठा निर्णय साधकबाधक विचार केल्याशिवाय घेतला गेलेला नाही. बोअर कुठे पाडायचं यावर आम्ही तीन उन्हाळे विचार केला. तेवढ्यात बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याने पाडलं आणि पाणी त्याला लागलं. एका चुलतभावासाठी आलेल्या स्थळाचा आम्ही इतका सखोल विचार केला की त्या मुलीच्या मुलाच्या बारशाचं आमंत्रण आम्हाला आलं. आम्ही गेलोही. जेवण चांगलं होतं.

या विचारांच्या शेवटी सगळे ज्याच्या तोंडाकडे बघतात असा एक माणूस लागतो. गेली तीस वर्षं तो मी आहे. कारण मी लातूरला कॉलेजात शिकवलं आणि मी पीएच.डी. आहे. माझा विषय निजामी राज्यातला शेतसारा. एवढ्या भांडवलावर मी घरातल्या मुलांच्या शाखा ठरवल्या, ट्रॅक्टरच्या कंपन्या ठरवल्या, दोघांच्या मुतखड्याची ऑपरेशनं पुढे ढकलली. मला कुणी अडवलं नाही. मोठेपणा मिळत गेला की माणसाला आपल्याला काय येत नाही याचा विसर पडतो, आणि तो विसर फार सुखाचा असतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी थोरली बहीण, अक्का, मुखेडच्या बाजाराला गेली होती. अक्का म्हणजे बोलणं. नवरा गेल्यावर वीस वर्षं तिने जमीन कसली ती बैलांच्या आणि गड्यांच्या जोरावर जितकी, तितकीच तोंडाच्या जोरावर. तलाठी तिला बघून कुलूप लावून निघून जायचा. त्या दिवशी ती स्टँडसमोरच्या दुकानात बियाण्याची पिशवी बदलून मागत होती. सोबत तिची सून होती. सुनेने सांगितलेलं असं: अक्का दुकानदाराला म्हणाली, "फाटकी पिशवी मला देतूस व्हय रे, तुझ्या..." आणि वाक्य तिथेच थांबलं. दुकानदाराला वाटलं, म्हातारी दम खातेय. मग उजव्या हातातली पिशवी सुटली आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

सुनेने नवऱ्याला, म्हणजे माझ्या भाच्याला, फोन केला. तो गावातल्या एकाची जीप घेऊन आला. सोबत त्याचे चुलते चढले, कारण ते प्रत्येक गाडीत चढतात. तिथल्या एका डॉक्टरने बीपी मोजलं आणि थेट नांदेडला न्यायला सांगितलं. नायगावच्या अलीकडे रस्ता खोदलेला होता, तरी सव्वा अकराला ते नांदेडात पोचले. इथपर्यंत सगळ्यांनी सगळं बरोबर केलं होतं. माझा अजून संबंध आला नव्हता.

हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टर एक बाई होत्या, पस्तिशीच्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं नीट कधी बोलल्या?" चुलते म्हणाले, आठला. भाचा म्हणाला, दहा वाजले असतील. दोघांपैकी एकही तिथे नव्हता. मागून सून म्हणाली, "नवाची नांदेड गाडी सुटली तवा बोलत होत्या. गाडी फाटकाबाहेर पडली आन् बोलणं गेलं."

"म्हणजे नऊ," बाई म्हणाल्या, आणि अक्काला सीटीला घेऊन गेल्या.

हे मला नंतर कळलं, पण इथेच सांगतो, म्हणजे माझी अक्कल किती होती ते वाचणाऱ्याला मोजता येईल. आधी साधा सीटी काढतात, तो डोक्यात रक्तस्राव नाही ना हे बघायला. लकवा नस फुटूनही येतो आणि नस तुंबूनही येतो. बाहेरून माणूस सारखाच दिसतो. तुंबली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. फुटली असेल तर तेच इंजेक्शन माणसाला मारतं. म्हणून फोटोशिवाय कुणी हात लावत नाही. मग हाताच्या शिरेतून औषध सोडून पुन्हा फोटो काढतात, त्यात मेंदूच्या नसा झाडासारख्या दिसतात. अक्काच्या डाव्या बाजूच्या झाडाची मुख्य फांदी बुंध्यापासून थोड्या अंतरावर संपत होती. पुढे काही नव्हतं. बोलणं त्या बाजूला असतं. इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि ते जितकं लवकर तितकं चांगलं. एवढी मोठी नस असेल तर नुसत्या इंजेक्शनवर भागत नाही. लगेच जांघेतून तार घालून, पडद्यावर बघत बघत मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढतात. ते करणारा माणूस आणि ती खोली, दोन्ही त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होती. मराठवाड्यात इतक्या गोष्टी एका जागी, एका वेळी हजर असणं हे नवलच. पावणेबाराला बाईंनी हे सगळं भाच्याला समजावलं आणि कागद पुढे केला.

भाचा बी.एस्सी. ॲग्री आहे. ड्रोनने फवारणी करतो. त्याने पेन हातात घेतलं आणि म्हणाला, "मामाला विचारतो."

मामा त्या वेळी औशाला होता. तिथल्या एका वाचनालयाने माझा सत्कार ठेवला होता. सत्कार या प्रकाराची मी आयुष्यभर टिंगल केली आहे, लेखी आणि तोंडी. शाल पांघरून घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरच्या विनयाचं मी एका लेखात सविस्तर वर्णनही केलेलं आहे. त्या दिवशी तो चेहरा माझ्याकडेच होता. फोन आवाज बंद करून खिशात होता. सात वेळा थरथरला. अध्यक्षांच्या भाषणात उठणं बरं दिसलं नसतं म्हणून मी बसून राहिलो. अध्यक्ष माझ्या निर्णयक्षमतेबद्दल बोलत होते.

बारा वाजून गेल्यावर मी शालीसकट बाहेर आलो आणि फोन लावला.

"मामा, आईला लकवा मारलाय. नांदेडला आणलंय. डोक्याची नस बंद झालीय. इंजेक्शन द्यायचंय म्हनायलेत. सही मागायलेत. करू का?"

"कोण म्हणतंय?" मी विचारलं.

हा माझा पहिला प्रश्न होता. अक्का कशी आहे, हा नव्हता.

"इथल्या मॅडम हायत."

"मॅडम? सीनियर कुणी नाहीत का?"

"न्हाई मामा, ह्याच हायत."

"फिल्म व्हॉट्सॲपवर पाठव."

त्याने पाठवली. खिडकीच्या काचेला फिल्म टेकवून काढलेला फोटो होता. मेंदूच्या वीस-पंचवीस चकत्या, आणि त्यांच्या आरपार पार्किंगमधल्या मोटारसायकली. मी वाचनालयाच्या पायरीवर उभा राहून दोन बोटांनी चित्र मोठं केलं. एका चकतीत मला गोल काळा डाग दिसला. मी गंभीर झालो. ते हेल्मेट होतं.

मग मी ती फिल्म माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला पाठवली. तो डॉक्टर आहे. कातडीचा. पण हुशार आहे, आणि मला सर म्हणतो. दहा मिनिटं मी उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं: "अभिनंदन सर! आत्ताच ग्रुपवर सत्काराचे फोटो पाहिले." खाली हात जोडलेले.

त्या दहा मिनिटांचा मला अजूनही इतका राग येतो की तो कुठे ठेवावा कळत नाही. विद्यार्थ्यावर काढता येत नाही. त्याला बिचाऱ्याला वाटलं, सरांनी चुकून काहीतरी पाठवलं. आणि पुढचं वाक्य तर पूर्णपणे माझंच आहे, त्यात कुणाचा वाटा नाही. मी भाच्याला फोन लावून म्हणालो, "घाई करू नका. मी निघतोय. मी येईपर्यंत सही करू नका."

औसा ते नांदेड, मध्ये लातूर, अहमदपूर, लोहा. तीन तास लागतात. ते मला पाठ आहे. मी आयुष्यभर तो रस्ता केला आहे.

गाडी लातूरच्या अलीकडे असताना बाईंनी भाच्याच्या हातातून फोन घेतला.

"सर, मी इथली न्यूरोलॉजिस्ट. पेशंटला इंजेक्शन द्यायचंय. वेळ जातोय."

"डॉक्टर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण यात रक्तस्रावाचा धोका असतो ना?" हे मी दोन मिनिटांपूर्वी फोनवर वाचलं होतं.

"असतो. मी त्यांना तो सांगितलाय. न दिल्यास काय होतं तेही सांगितलंय."

"फिल्म मी पाहिलीय. मला दुसरं मत घ्यायचं आहे."

मग त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही काय करता?"

"मी प्राध्यापक होतो. इतिहासाचा."

"फिल्म मी बघितलीय, सर. ती तुम्ही बघायची गरज नव्हती. तुम्ही येईपर्यंत बघण्यासारखं फारसं उरणार नाही."

मला संताप आला. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी पहिल्यांदा चिडलो तो तिथे. बहिणीच्या डोक्यातल्या गुठळीवर नव्हे, ती बाई माझ्याशी ज्या सुरात बोलली त्या सुरावर. आजकालच्या डॉक्टरांना बोलायची रीत उरलेली नाही, असं मी ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, "हाव सर."

तिकडे कॉरिडॉरमध्ये तोवर गावाकडची आणखी माणसं पोचली होती आणि बैठक भरली होती. चुलत्यांचं म्हणणं, नांदेडात नको, सरळ हैदराबादला हलवू. दुसरा एक जण म्हणाला, लकव्याला एका गावात झाडपाला देतात, त्याच्या मेव्हण्याला गुण आला होता. मेव्हणा कुठे आहे विचारल्यावर, वारला, पण दुसऱ्याच कारणाने, असं कळलं. चुलत्यांनी एका पुढाऱ्याच्या पीएला फोन लावला आणि तो फोन बाईंच्या कानाला लावायचा प्रयत्न केला. "साहेबांच्या ऑफिसातून हाय, घ्या की मॅडम, जरा नीट लक्ष द्या म्हनत्यात." बाईंनी फोन घेतला नाही. त्या म्हणाल्या, "मी लक्ष देऊन दीड तास झाला. तुम्ही द्या आता."

आणि या सगळ्यात अक्का पलीकडे स्ट्रेचरवर, छताकडे बघत. डावा हात कुणाचा तरी शर्ट ओढत होता. तो शर्ट भाच्याचा होता. त्याला वाटलं, आईला पाणी हवंय.

एक वाजता सून बाईंकडे गेली. आतापर्यंत तिला कुणी काही विचारलं नव्हतं, नऊच्या गाडीचा अपवाद सोडला तर. ती म्हणाली, "मॅडम, माझी सही चालती का?"

"नातं काय?"

"सून."

"चालते."

चुलते उठले. "बाईमाणसाच्या सहीवर कुठं आपरेशन होतंय व्हय? आन् मामांनी काय सांगितलंय? ते यायलेत ना?"

"चालते," बाई पुन्हा म्हणाल्या.

"अगं, त्यात काय लिवलंय ते तरी वाचलीस का? सगळं इंग्रजीत हाय."

"मॅडमनं सांगितलं ना काय लिवलंय ते," सून म्हणाली. "काका, ठिबकच्या नळीत कचरा अडकला तर तुमी काय करता? आधी ॲसिड सोडता. न्हाई निघाला तर तार घालून वढता. का मामा औशाहून येईस्तवर झाड वाळू देता?"

तिने मराठीत सही केली. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. मुदत संपायला पंचवीस मिनिटं होती. इंजेक्शन तिथल्या तिथे दिलं, आणि पावणेदोनला अक्का वरच्या मजल्यावर गेली.

मी पोचलो तेव्हा पावणेचार वाजले होते. शाल गाडीत विसरलो होतो, नारळ मात्र का कोण जाणे हातात होता. अक्का आत होती. कॉरिडॉरमधली माणसं उठून उभी राहिली, मला वाट करून दिली. सून एका कोपऱ्यात उभी होती. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. मला बघून तिने डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली, "चुकलं असंल तर माझं चुकलं, मामा. पर वेळ नव्हता." मी काहीतरी पुटपुटलो. काय ते आठवत नाही. आठवावं असं ते नसणार.

बाईंनी मला आत बोलावून पडद्यावर फोटो दाखवले. ओरडतील असं वाटलं होतं. त्या अगदी शांत होत्या, ते जास्त वाईट होतं. पहिला फोटो: अर्ध्यात तोडलेली फांदी. दुसरा, गुठळी काढल्यानंतरचा: तीच फांदी आणि तिला फुटलेल्या बारीक बारीक शेकडो डहाळ्या, शेंड्यापर्यंत. मी सुशोभित शब्दांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, पण त्या झाडाला पालवी फुटली होती. गुठळीही दाखवली, कापसावर ठेवलेली. गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सीटी झाला. त्यात डाव्या बाजूला, कानाच्या जरा पुढे, एक करडा डाग होता. या वेळी हेल्मेट नव्हतं.

"हा काल नव्हता," बाई म्हणाल्या.

"नस तर उघडली ना?"

"उघडली. त्याआधी तेवढा भाग गेला."

"लवकर सही झाली असती तर?"

"मिनिटागणिक सांगता येत नाही, सर. कमी गेला असता, एवढं सांगते."

मी आयुष्यभर कागदपत्रांत पुरावे शोधले. कुठल्या तहसीलदाराने कुठल्या साली किती गावं बुडवली हे जुन्या दप्तरांतून काढून दाखवलं आणि त्याच्यावर कडक ताशेरे ओढले. माझ्या दिरंगाईचा पुरावा इतका स्वच्छ असेल असं मला वाटलं नव्हतं. एक वाटाण्याएवढा डाग, आणि त्यात अक्काचा तलाठी, दुकानदार, गडी, सगळ्यांना ऐकवायचं राहिलेलं सगळं.

तिचा पाय आठवड्यात सुधारला. हात दोन महिन्यांत. आता ती भाकरी थापते. बोलणं आलं नाही. समजतं सगळं, डोळ्यांत दिसतं. शब्द ओठापर्यंत येतो आणि भलताच बाहेर पडतो. विळ्याला ती चप्पल म्हणते, आणि आपण चप्पल म्हटलंय हे तिला कळतं, मग ती डाव्या हाताने मांडीवर मारून घेते. तलाठी आता ऑफिसात बसायला लागला आहे.

यापेक्षा संतापजनक गोष्ट पुढेच आहे. सहा महिन्यांनी एका लग्नात मी पाहुण्यांच्या घोळक्यात उभा होतो आणि चुलते सांगत होते, "मामा औशाला सत्काराला होते. तिथून फोनवर फिल्म बघितली आन् सांगितलं, करा इंजेक्शन! म्हणून वैनी वाचली. न्हाई तर आमी काय, अडाणी मान्सं." माना डोलल्या. मी म्हणालो, खोटं आहे. मी अडवलं होतं. सही सुनेने केली. एक म्हातारा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बघा, याला म्हनतात मोठेपणा. केलेलं दुसऱ्याच्या नावावर घालायलेत."

मी पुन्हा सांगितलं, जरा ओरडूनच. त्याने मोठेपणा वाढला. सून पलीकडे पंगतीत वाढत होती. तिने ऐकलं असणार. ती हसली की काय ते मला इतक्या लांबून दिसलं नाही. हसली असेल तर तिला अधिकार होता. भाच्याला नंतर बाजूला घेऊन विचारलं, "तू तरी खरं सांग की लोकांना." तो म्हणाला, "मामा, आता लोकांनी धरलंय ते धरलंय. तुमी बी लई मनाला लावून घ्यायलात."

ज्या कुटुंबाला पुरावा काचेवर लावून दाखवला तरी मामाच बरोबर असतो, त्या कुटुंबात पुढचा लकवा कुणाला येईल आणि कोण कुणाची वाट बघत बसेल, याचा विचार करून मला रात्री झोप येत नाही असं मी लिहिणार होतो. येते. दिवसा मात्र राग येतो.

निदान एका माणसाची तरी माफी मागावी म्हणून मी गेल्या महिन्यात अक्काकडे गेलो. आठवड्यातून एकदा मुखेडहून वाचा-उपचाराच्या एक बाई येतात. त्या अक्कासमोर चित्रांचे पत्ते मांडून बसल्या होत्या. मी म्हटलं, चालू द्या, आणि शेजारी बसून बोलायला लागलो. वाक्यं मी वाटेत तयार केली होती. माणसाचा अहंकार, ज्ञानाची मर्यादा, वेळ या गोष्टीचं आपल्या समाजाला नसलेलं भान. मी म्हणालो की तुझी वाचा मी हिरावून घेतली, आणि हे ओझं मी जन्मभर वाहणार आहे. आवाज भरून आला होता. खरोखरच भरून आला होता. अक्का माझ्याकडे एकटक बघत होती. तिचे ओठ हलले. मी थांबलो.

"गप की रे आता," अक्का म्हणाली.

बाईंनी वही उघडून त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं: स्वतःहून बोललेले स्पष्ट शब्द, चार.